इमॅजिकाला सहकुटुंब, समित्र: घरातून निघण्यापासून परत येईपर्यंतची तयारी

खोपोलीजवळचं इमॅजिका हे करमणूक उद्यान २०१३ साली सुरू झालं. तेव्हापासून मुंबई-पुण्याकडच्या घरांत वर्षाकाठी एकदा तरी "जायचं का?" हा विषय निघतोच. जाणं सोपं आहे. अवघड असतं ते १२-१५ जणांच्या घोळक्यात ७२ वर्षांची आजी, साडेतीन वर्षांचा भाचा, रोलर कोस्टरसाठी वेडी झालेली दोन कॉलेजची पोरं आणि "मी फक्त बॅगा सांभाळते" म्हणणारी एक काकू असताना सगळ्यांचा दिवस नीट घालवणं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सगळ्यांनी दिवसभर एकत्रच राहायचं हा हट्ट सोडा. १५ जण एकत्र फिरले की वेग ठरतो सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचा, आणि राइड ठरते सगळ्यात बुटक्या मुलाच्या उंचीवर. सकाळी वेगळे व्हा, जेवायला एकत्र या, पुन्हा वेगळे व्हा, संध्याकाळी परत भेटा. पुढच्या पायऱ्या याच हिशोबाने मांडल्या आहेत.

१. आधी तारीख, मग माणसं

लोक उलटं करतात. आधी सगळ्यांना विचारतात, मग सगळ्यांना सोयीचा रविवार निघतो, आणि तो नेमका दिवाळीच्या सुट्टीतला किंवा नाताळच्या आठवड्यातला असतो. त्या दिवसांत मोठ्या राइडला तास-सव्वातास रांगेत उभं राहावं लागलं तर नवल मानू नका.

मंगळवार ते गुरुवारमधला साधा दिवस सर्वात बरा. पण डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, त्यामुळे त्या दोन महिन्यांत आठवड्याच्या मधल्या दिवशीही गणवेशातली शेदोनशे मुलं तुमच्या पुढे रांगेत असू शकतात. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे सहलीच्या बसना परतीची घाई असते. दुपार कलली की उद्यान बऱ्यापैकी मोकळं होतं.

मे महिन्यात खोपोलीचा उकाडा घाटाखालचा आहे, म्हणजे ऊन आणि दमटपणा दोन्ही. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाऊस अक्षरशः कोसळतो. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि त्यासाठी सहसा पैसे परत मिळत नाहीत. तरीही गर्दीचा कंटाळा असलेल्या तरुण मंडळींना पावसाळ्यातला साधा वार मी सुचवीन. रांगा छोट्या असतात आणि समोर सह्याद्री हिरवागार असतो. मात्र ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाताना पावसाचे थेंब तोंडावर खड्यांसारखे लागतात, एवढं मनाशी धरून जा. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी गाठा.

तारीख ठरवताना कॅलेंडरात संकष्टी पाहा. उद्यान खोपोली-पाली रस्त्यावर आहे. पालीचा बल्लाळेश्वर आणि खोपोलीजवळच्या महडचा वरदविनायक, दोन्ही अष्टविनायकांपैकी. संकष्टीला, आणि त्यातून अंगारकी असली तर विचारूच नका, या भागात गाड्यांची रीघ लागते. "जाताजाता दर्शनही करून घेऊ" हा विचार चांगला आहे, पण त्यासाठी मुक्काम करा. सकाळी महड आणि मग इमॅजिका असं केलंत तर आत शिरेपर्यंत बारा वाजतात, आणि दिवसातले सर्वात कमी गर्दीचे दोन तास हातचे जातात.

२. सगळ्यांची उंची घरीच मोजा

मुलांचं तिकीट कोणतं लागेल आणि कोणत्या राइडवर बसता येईल, या दोन्ही गोष्टी वयावर नाही, उंचीवर ठरतात. पोरगा दहा वर्षांचा आहे हे गेटवर कुणी विचारत नाही. पट्टीखाली उभं करतात.

दाराच्या चौकटीला मुलाला अनवाणी उभं करा. टाचा, पाठ आणि डोकं चौकटीला टेकलेलं हवं. डोक्यावर एखादी वही आडवी धरून पेन्सिलीने खूण करा आणि टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. मग उद्यानाच्या संकेतस्थळावर तिकिटासाठीच्या आणि प्रत्येक राइडच्या उंचीच्या अटी पाहून मुलाच्या नावापुढे "हे चालेल" आणि "हे नाही" अशी यादी करा. बारीक काठावरचं मूल असेल तर ते "नाही"मध्येच धरा.

हे घरीच का करायचं? कारण खरी रडारड तिथेच होते. नऊ वर्षांची मुलगी ४० मिनिटं रांगेत उभी राहते, ऐन तोंडाशी पट्टी तिच्या डोक्यावरून दोन बोटं वर निघते, आणि पुढचा तासभर तिचं आणि तुमचं तोंड बघवत नाही. जाड तळव्याचे बूट घालून फसवायचा प्रयत्न करू नका. अट असते ती मुलाला घाबरवायला नाही. खांद्यावरून खाली येणारा दांडा ठरावीक मापाच्या शरीरासाठीच बनलेला असतो. मूल बुटकं असलं तर तो नीट बसत नाही आणि उलट्या वळणात शरीर आतल्या आत सरकतं.

मोठ्यांचीही छाननी याच वेळी करा. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, मानेचा किंवा कमरेचा स्पाँडिलायसिस, फिट्स येण्याचा त्रास यांतलं काहीही असेल तर मोठ्या राइड नकोत. फिट्सवाल्यांनी लुकलुकत्या दिव्यांचे बंद खोल्यांतले खेळही टाळावेत. आपल्याकडे एक खोड आहे, चारचौघांत आजार लपवायची. घरातल्या घरात एकेकाला विचारून घेतलं तर ते सांगतात.

३. तिकिटं

थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क ही तीन वेगवेगळी तिकिटं आहेत. दोन्ही मोठी पार्कं एका दिवसात उरकायचा जोड-तिकिटाचा मोह होतो. पहिल्यांदाच जात असाल तर करू नका. वॉटर पार्कात कपडे बदलणं, लॉकर, अंघोळ, पुन्हा कपडे यात दीड-दोन तास जातात, आणि मग दोन्हींकडचं अर्धंमुर्धंच पदरात पडतं. दोन्ही हवंच असेल तर दोन दिवसांचा बेत करा आणि मधली रात्र उद्यानालगतच्या हॉटेलात किंवा खोपोली-लोणावळ्यात काढा.

तिकीट तारखेचं असतं. आधी ऑनलाइन काढलेलं बहुतेक वेळा स्वस्त पडतं आणि शनिवार-रविवारचे दर चढे असतात. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी वाचा: कर धरून अंतिम रक्कम किती, तारीख बदलता येते का, आणि तिकिटात जेवण आहे की नाही. ज्येष्ठ नागरिक आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सवलत चालू असेल तर ओळखपत्र मूळ लागेल. मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणारी "अर्ध्या किमतीत पास" छापाची लिंक उघडूच नका. कुणा ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून कूपन घेताना त्यावर तारीख, वार आणि "सुट्टीच्या दिवशी अमान्य" ही बारीक अक्षरं आहेत का ते पाहा.

रांग टाळण्याचं महागडं एक्स्प्रेस तिकीट घ्यावं का? साध्या मंगळवारी अजिबात नाही, पैसे पाण्यात. सुट्टीतल्या रविवारी, आणि तेही फक्त मोठ्या राइडवाल्या चार-पाच जणांसाठी, घेतलं तर वसूल होतं. आजी आणि भाच्यासाठी ते घेण्यात काहीच अर्थ नाही.

मित्रमंडळी बरोबर असतील तर खर्चाचं आधीच ठरवा. तिकीट ज्याचं त्याने, आणि प्रवास, पार्किंग, लॉकर, पाणी यासाठी माणशी ठरावीक वर्गणी एकाकडे. जेवणाचं टीटीएमएम. ऐनवेळी "अरे मी देतो, तू राहू दे" सुरू झालं की रांग तुमच्यामागे वाढत जाते.

४. जायचं कसं

मुंबईच्या उपनगरांतून साधारण ७०-८० किलोमीटर आणि पुण्यातून ८०-९०. गाडीने येणाऱ्यांनी एक्सप्रेसवेवरून खोपोली-पालीचा फाटा घ्यायचा. मुंबईहून येताना हा फाटा चुकला तर मागे वळायची सोय नाही. घाट चढून वर जाऊन मगच परत फिरावं लागतं, म्हणजे सकाळचा पाऊणएक तास गेलाच. शेजारच्या सीटवरच्या माणसाला खालापूर टोलनाक्याच्या आधीपासूनच नकाशा बघायच्या कामाला लावा. मागे गाण्याच्या भेंड्या चालू असल्या की हमखास फाटा सुटतो.

मोटारसायकलवरून येणार असाल तर एक्सप्रेसवेवर दुचाकींना बंदी आहे. पनवेल-चौक-खोपोली असा जुना महामार्ग धरा.

शनिवारी सकाळी मुंबईहून लोणावळ्याकडे निघालेली सगळी मुंबई तुमच्याबरोबरच असते, आणि रविवारी संध्याकाळी तीच परत येत असते. शनिवारी यायचं तर पहाटे साडेसहाला गाडी पनवेलच्या पुढे हवी. फास्टॅगमध्ये शिल्लक आदल्या रात्रीच बघून ठेवा.

लोकलने यायचं तर मध्य रेल्वेची खोपोली शाखा आहे, पण कर्जत-खोपोली हा एकेरी मार्ग आणि गाड्या मोजक्याच. जातानाची नाही, परतीची गाडी आधी पाहा. खोपोली स्टेशनवरून रिक्षा मिळते. रिक्षावाल्याशी परतीचंही तिथेच ठरवून त्याचा नंबर घेऊन ठेवा, कारण रात्री आठनंतर त्या रस्त्यावर रिकामी रिक्षा शोधत उभं राहण्यात गंमत नाही. दहा-बारा जण असाल तर टेम्पो ट्रॅव्हलर सगळ्यात सुटसुटीत. परतीला सगळे झोपतात आणि गाडी चालवायला झोप झालेला माणूस असतो.

हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. दिवसभर उन्हात फिरून, गरगरून आलेल्या माणसाने रात्री बोरघाट चढणं धोक्याचं आहे. स्वतःच गाडी चालवणार असाल तर चालवणाऱ्याने शेवटच्या तासाभरात एकही गरगर फिरणारी राइड घ्यायची नाही, आणि निघण्याआधी अर्धा तास शांत बसायचं. पुण्याहून येताना घाट उतरताना ज्या मुलांना मळमळतं, त्यांना पुढे बसवा आणि हातातला मोबाइल काढून घ्या.

५. काय न्यायचं

कागदपत्रं: तिकिटांचा क्यूआर कोड दोघांच्या मोबाइलमध्ये आणि एक छापील प्रत, प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र, सवलत घेतली असेल तर तिचा मूळ पुरावा, वाहन परवाना. रोज गोळ्या घेणारं कुणी असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो.

पिशवी: एका कुटुंबामागे एकच पाठीवरची सॅक. तिच्यात रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, ओआरएसची चार पाकिटं, टोप्या, मुलांचा प्रत्येकी एक कपड्यांचा जोड, पंचा, दोन-तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या (ओल्या कपड्यांसाठी), पॉवर बँक, सेफ्टी पिना, चष्म्याची दोरी, चिकटपट्ट्या, आलेपाक. पावसाळ्यात छत्री नको, रेनकोट. रांगेत छत्री उघडली की मागच्याच्या डोळ्यात जाते.

रोख दोन हजारांच्या आसपास ठेवा. यूपीआय सगळीकडे चालतं हे खरं, पण गर्दीच्या दिवशी नेटवर्क मान टाकतं आणि लॉकरच्या खिडकीवर दहा जण मोबाइल आकाशाकडे धरून उभे असतात.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. बाळाचं अन्न आणि औषधं चालतात. त्यामुळे पिशवीतल्या चकल्या, चिवडा, आईने पहाटे उठून केलेले ठेपले हे सगळं गाडीतच राहणार. राहू द्या, परतीला तेच उपयोगी पडतं. फक्त दही, श्रीखंड, बटाट्याची भाजी असलं काही उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

६. अंगावर काय

साडी नको. यात जुन्या-नव्याचा काही प्रश्न नाही. बऱ्याच राइडमध्ये पायांच्या मधून पट्टा किंवा दांडा येतो, आणि साडीत तो बसतच नाही. सलवार-कुर्ता किंवा पँट. ओढणी गाडीतच राहू द्या, कारण वाऱ्यावर सुटलेली ओढणी यंत्रात अडकू शकते. लांब मंगळसूत्र, साखळ्या, कानातले झुमके घरी. आजींना हे पटवणं अवघड जातं, पण त्यांचे बसायचे खेळ वेगळेच आहेत, तेव्हा त्यांना मंगळसूत्रासकट आणि नऊवारीसकट येऊ द्या.

पायात पट्ट्याच्या सँडल किंवा बूट, तेही जुने आणि सवयीचे. दिवसभर आठ-दहा किलोमीटर चालणं होतं. नव्या कोऱ्या बुटांनी दुपारी दोनपर्यंत फोड येतात. नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरवर पायाखाली तळच नसतो, पाय लोंबकळतात, त्यामुळे चपला तिथे काढूनच बसावं लागतं.

वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा तत्सम कापडाचाच पोहण्याचा पोशाख लागतो. तिथे भाड्याने मिळतो, पण घरचा बरा.

७. उघडल्यापासूनचे दोन तास

या दोन तासांवर दिवसाचा निकाल लागतो. उघडण्याच्या अर्धा तास आधी गेटवर पोचा. आत शिरताच बहुतेक लोक जे पहिलं दिसतं तिथे रांग लावतात, फोटो काढतात, दुकानात शिरतात. तुम्ही तसं करू नका.

गेटच्या आत चार मिनिटं थांबून तीन कामं उरका. उद्यानाचा नकाशा घ्या आणि आज दुरुस्तीसाठी कोणत्या राइड बंद आहेत ते विचारा, कारण आळीपाळीने काहीतरी बंद असतंच. भेटायची जागा आणि वेळ ठरवा: जेवायला पावणेबाराला, संध्याकाळी पाचला. जागा म्हणून मॅजिक कॅरोझेल, म्हणजे घोड्यांचा फिरता पाळणा, उत्तम, लांबून दिसतं आणि लहान मुलालाही "घोड्यांपाशी" एवढं सांगता येतं. आणि सगळ्या मुलांचा एक फोटो काढा, आजचे कपडे दिसतील असा. मूल हरवलं तर "लाल टी-शर्ट होता बहुतेक" यापेक्षा तो फोटो दाखवणं शंभर पटीने बरं.

आता वेगळे व्हा.

दांडगी टोळी (उंची आणि पोट दोन्हींत बसणारे) थेट मोठ्या कोस्टरकडे. नायट्रो आधी, मग डीप स्पेस, मग उंचावरून खाली सोडणारं डेअर टू ड्रॉप, मग स्क्रीम मशीन. नायट्रो पाच वेळा उलटं करतं, पण त्याची वळणं सलग आणि गुळगुळीत असल्याने बऱ्याच जणांना ते अपेक्षेपेक्षा सोपं जातं. डीप स्पेस अंधारात आहे आणि सुरुवातीलाच सुसाट सुटतं, त्यामुळे पुढचं वळण कुठलं ते कळत नाही. पोटासाठी खरी अवघड आहे ती स्क्रीम मशीन, झोपाळ्यासारखी झुलता झुलता स्वतःभोवतीही फिरणारी. ती सगळ्यात शेवटी ठेवा, आणि तिच्यानंतर दहा मिनिटं सावलीत बसा.

मधली टोळी (आठ-दहा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक) गोल्ड रश एक्स्प्रेस या छोट्या कोस्टरकडे. बाळगोपाळ आणि आजी-आजोबा टबी टेक्स ऑफ, कॅरोझेल असल्या छोट्या खेळांकडे. भाच्याला एकच खेळ सलग पाच वेळा हवा असतो. हवा तेवढा खेळू द्या, तुमची यादी त्याच्यावर लादू नका.

रांगेचा अंदाज असा काढा. एका खेपेला किती जण बसतात ते मोजा आणि दोन खेपांतलं अंतर घड्याळात पाहा. समजा २४ जण बसतात आणि तीन मिनिटांनी पुढची खेप सुटते, तर तासाला ४८० माणसं सुटतात. तुमच्या पुढे २४० असतील तर अर्धा तास. म्हणून फक्त रांगेची लांबी पाहून घाबरू नका. लांब रांग पण भराभर सरकणारी परवडते, आणि दहा-बारा जणांनाच घेणाऱ्या राइडची आखूड रांग अंगावर येते.

आणखी एक हिशोब आदल्या दिवशीच करा. साडेदहा ते आठ असा दिवस धरला तर साडेनऊ तास हाती. त्यातले दीड तास खाण्यापिण्यात, दीड तास चालण्यात आणि स्वच्छतागृहात. उरले साडेसहा. गर्दीच्या दिवशी एका राइडला रांगेसकट ४० मिनिटं धरली तरी दहाच्या आत आकडा राहतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या फक्त पाच नक्की हव्या त्या राइड लिहाव्यात. बाकीच्या मिळतील तेवढ्या फायद्याच्या.

८. लहान मूल असलेल्या आईवडिलांसाठी

बऱ्याच घरांत असं होतं की बाबा सगळ्या राइड घेतो आणि आई बाळ घेऊन बाकावर. त्याची गरज नाही. दोघेही मुलासकट राइडपाशी जा आणि तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा की एकाने आत्ता बसून आल्यावर दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता सोडतील का. काही ठिकाणी सोडतात. नाही सोडलं तर सरळ वाटणी करा: साडेअकरापर्यंत एकाची पाळी, साडेतीन ते पाच दुसऱ्याची. वेळ घड्याळाची हवी. "तू जाऊन ये, मग मी" म्हटलं की दुसऱ्याची पाळी येतच नाही.

बाबागाडी नेत असाल तर हलकी, घडी होणारी. झोपेची वेळ झाली की बाळ तिच्यातच झोपतं आणि एक मोठा माणूस तिथे सावलीत निवांत बसतो. बॅगा सांभाळणाऱ्या काकूंना हे काम मनापासून आवडतं, पण त्यांना तासाभराहून जास्त एकटं ठेवू नका.

९. जेवण आणि दुपार

सगळे दीडला जेवतात, म्हणून तुम्ही पावणेबाराला जेवा. टेबल मिळतं, वाढप गरम असतं आणि पाऊण तासाचं काम वीस मिनिटांत होतं. सकाळी घरून निघताना पोटभर नको आणि उपाशीही नको. रिकाम्या पोटीही मळमळतं. इडली, उपमा, केळं ठीक. एक्सप्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये मिसळ आणि दोन वडापाव खाऊन नायट्रोवर बसू नका. बसायचंच असेल तर मागच्या रांगेतल्यांची आधी माफी मागा.

जेवणानंतर तासभर फिरणारं, उलटं करणारं काहीही नाही. नेमकी हीच वेळ उन्हाचीही, तेव्हा साडेबारा ते साडेतीन बंद, गार खोल्यांतले खेळ घ्या आणि या वेळी सगळा गोतावळा एकत्र ठेवा. आय फॉर इंडिया आजीसाठी सर्वात चांगलं: खुर्च्या अधांतरी होतात आणि देशातल्या एकेका ठिकाणावरून उडत गेल्याचा भास होतो. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना मधल्या खुर्चीत बसवा. अलीबाबा और चालीस चोर हा बसल्या बसल्या बंदुकीने नेम धरायचा खेळ, यात मुलं मोठ्यांना हरवतात. रॅथ ऑफ द गॉड्समध्ये आग-पाण्याचे परिणाम आहेत, आवाज मोठा आहे, कानावर हात ठेवायची तयारी असू द्या. सलीमगढ हे भुताटकीचं आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला "काही नाही रे, खोटं असतं" म्हणून आत नेऊ नका, पुढचे चार दिवस रात्री दिवा लावून झोपावं लागेल.

पडद्यासमोर खुर्च्या हलतात अशा खेळांत मळमळलं तर डोळे मिटा, लगेच बरं वाटतं. डोळे सांगतात आपण दरीत पडतोय आणि कान सांगतात आपण जागेवरच आहोत. या भांडणातून मळमळ होते, आणि डोळे मिटले की भांडण संपतं. उलट खऱ्या कोस्टरवर डोळे उघडे ठेवा, रुळाकडे पुढे बघा आणि डोकं मागच्या उशीला घट्ट टेकवून ठेवा. मान दुखते ती बहुतेक वेळा खाली वाकून बघितल्यामुळे.

उन्हाळ्यात माणशी दोन-तीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. रांगेत उभं राहताना तहान लागत नाही, पण घाम येत असतो. डोकं दुखायला लागणं, चिडचिड, मूल अचानक गप्प होणं ही पहिली खूण. लगेच सावलीत न्या, मानेला ओला पंचा, ओआरएसचे घोट. थंडगार शीतपेयाने तहान भागल्यासारखी वाटते, पाण्याची जागा ते घेत नाही.

१०. भिजायचं केव्हा

राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर आणि स्प्लॅश अहॉय यांत तुम्ही भिजणार. "थोडेसे शिंतोडे" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. या राइड सकाळी घेतल्या तर ओल्या कपड्यांनी गार हवेच्या खोल्यांत बसावं लागतं आणि मुलं कुडकुडतात. अंधार पडल्यावर घेतल्या तर थंडीच्या दिवसांत परतीपर्यंत सर्दी ठरलेली. साडेतीन ते साडेचार ही वेळ बरोबर. ऊन असतं, अंगावरच कपडे वाळतात.

त्याआधी मोबाइल, पाकीट, गाडीची चावी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न भिजणाऱ्या माणसाकडे द्या. गाडीची रिमोटवाली चावी पाण्यात गेली तर परतीचा प्रवास लांबतो, तोही रात्री. ओल्या मोज्यांत चालू नका. मोजे पिळून पिशवीत टाका आणि कोरडे घाला.

११. कुणी हरवलं तर

मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने तुमचा मोबाइल नंबर लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा म्हणजे पाण्याने पुसला जात नाही. नाव बाहेर दिसेल असं लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याच्याबरोबर जातं. मुलाला एकच शिकवा: आम्ही दिसलो नाही तर आहेस तिथेच उभा राहा आणि गणवेशातल्या दादा-ताईला हा हात दाखव.

तुम्ही काय करायचं? एकाने शेवटचं दिसलं त्याच जागी थांबायचं, दुसऱ्याने लगेच जवळच्या कर्मचाऱ्याला गाठून सकाळचा फोटो दाखवायचा. सगळ्यांनी दहा दिशांना धावत सुटलं की मूल सापडतं आणि मोठी माणसं हरवतात.

आजी-आजोबांकडे साधा फोन असेल तर त्यात दोघांचे नंबर आदल्या दिवशीच स्पीड डायलला टाका. आणि "फोन लागला नाही तर पाच वाजता घोड्यांपाशी" हे त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.

१२. संध्याकाळ आणि निघणं

पाचला सगळे भेटलात की चहा घ्या आणि पुन्हा फुटा. संध्याकाळची मिरवणूक सुरू होते तेव्हा मोठ्या राइडच्या रांगा पातळ होतात. सकाळी नायट्रो ज्यांनी बघूनच सोडलं होतं त्यांची हिंमत साधारण याच वेळी येते, तेव्हा घेऊन जा. मिरवणूक मात्र आजी आणि मुलांनी पुढे बसून बघायची. जागा पंधरा मिनिटं आधी धरा.

दुकानातली खरेदी शेवटच्या अर्ध्या तासात सगळं उद्यान एकदमच करतं. काही घ्यायचं असेल तर सहाच्या आत. राइडवरचे काढलेले फोटो आधी पडद्यावर बघा, बहुतेकांत एकाचा तरी चेहरा हाताने झाकलेला असतो. सगळ्यांना मिळून एकच पुरतो.

लॉकर रिकामा करताना आतल्या कोपऱ्यात हात फिरवा, घड्याळ आणि चष्मा तिथेच राहतात. गाडी कुठे लावली त्याचा फोटो सकाळी काढला असेल तर आता उपयोग होईल. निघताना माणसं मोजा, गाडीत बसल्यावर पुन्हा मोजा, आणि चालवणाऱ्याला वगळून बाकीच्यांनी ठेपल्यांचा डबा उघडा.